दोन तारांचे भांडण

बारावीच्या भौतिकशास्त्रात 'बीट्स' नावाचा एक लहानसा भाग असतो. एक व्याख्या, एक आकृती आणि एक सूत्र. परीक्षेत त्यावर दोन-तीन गुणांचे गणित येते, मुले ते सोडवतात आणि विसरून जातात. मराठी परिभाषेत याला 'विस्पंद' म्हणतात. आपण या लेखात साधा शब्द वापरू: ठोके. या महिन्यात या ठोक्यांविषयी लिहायचे कारण असे, की ही दोन गुणांची गोष्ट कानाने ओळखून आपल्याच राज्यातल्या मिरज शहरात काही कुटुंबे दीडशेहून अधिक वर्षे आपली रोजीरोटी कमावत आली आहेत. त्यातली बहुतेक आपल्या समाजातली आहेत. त्यांच्या हुनरात किती विज्ञान आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे असे आम्हाला वाटते.

सुरुवातीलाच एक खुलासा. संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. तो विषय जाणकारांचा. आमचे सदर विज्ञानाचे आहे, आणि आवाज हवेतून कसा चालतो हा प्रश्न ज्याला कान आहेत त्या प्रत्येकाचा आहे.

आता एक प्रयोग करू. त्याला साहित्य काहीच लागत नाही, दोन मुले आणि एक घड्याळ पुरे. पहिल्या मुलाने दहा सेकंदांत दहा टाळ्या वाजवायच्या, एका लयीत. दुसऱ्याने त्याच दहा सेकंदांत अकरा. दोघांनी पहिली टाळी एकदम वाजवून सुरुवात करायची. आम्ही वर्गात हे करून घेतो तेव्हा पहिल्या एक-दोन टाळ्या जवळजवळ एकत्र पडतात, मग दुसरा मुलगा हळूहळू पुढे सरकू लागतो. पाच सेकंदांच्या सुमारास एकाची टाळी दुसऱ्याच्या दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडते. त्यानंतर अंतर पुन्हा कमी होत जाते आणि दहाव्या सेकंदाला दोघांची टाळी पुन्हा एकदम पडते. दहा आणि अकरा यांत फरक एकाचा, म्हणून दहा सेकंदांत ते एकदाच पुन्हा जुळले. दुसऱ्याने बारा टाळ्या वाजवल्या असत्या तर दोनदा जुळले असते.

बापाचा हात धरून बाजारात निघालेल्या लहान मुलाची पावले पाहा. बाप सावकाश लांब पावले टाकतो, मूल भराभर लहान लहान टाकते. मध्येच एखाद्या क्षणी दोघांचे पाऊल एकदम पडते, मग चुकते, मग पुन्हा एकदम पडते. हिशेब तोच.

आवाजाच्या बाबतीतही हेच घडते, फक्त वेग खूप जास्त असतो. तार छेडली की ती थरथरते आणि जवळच्या हवेला ढकलते, सोडते, पुन्हा ढकलते. हवेत दाट आणि विरळ पट्टे एकामागून एक तयार होतात आणि आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. सेकंदाला अशी किती कंपने होतात, त्या संख्येला वारंवारिता म्हणतात, हे नववीच्या मुलांनाही माहीत असते. संख्या जास्त तर स्वर उंच, कमी तर खालचा.

समजा एक तार सेकंदाला २२० कंपने करते आणि शेजारची २२२. दोन्ही एकदम छेडल्या. सुरुवातीला दोघींचे दाट पट्टे कानावर एकदम येतात, म्हणून आवाज मोठा वाटतो. पण दुसरी तार किंचित घाईत आहे. पाव सेकंद होता होता ती अर्ध्या कंपनाने पुढे गेलेली असते. आता एकीचा दाट पट्टा आणि दुसरीचा विरळ पट्टा एकाच क्षणी कानाशी पोचतात. एक तार हवा ढकलू पाहते त्याच क्षणी दुसरी ती ओढू पाहते. दोघींचा परिणाम एकमेकींना कापतो आणि आवाज बारीक होतो. आणखी पाव सेकंदाने दुसरी तार पूर्ण एका कंपनाने पुढे गेलेली असते, म्हणजे पुन्हा जुळणी, पुन्हा मोठा आवाज. सेकंदाला हे दोनदा होते. कानाला ऐकू येतो तो २२१ च्या आसपासचा एकच स्वर, पण तो स्थिर नसतो. वाढतो, कमी होतो, वाढतो, कमी होतो. तोंडाने 'वाँव-वाँव' असा आवाज काढला तर जसे वाटेल, साधारण तसे. सेकंदातले हे चढउतार म्हणजे ठोके, आणि त्यांची संख्या म्हणजे दोन वारंवारितांतला फरक. २२० आणि २२२ मध्ये दोन. २२० आणि २२१ मध्ये एक. २२० आणि २२० मध्ये शून्य.

इथे एक गोष्ट मुलांना नेहमी चकित करते. दोन आवाज एकत्र आले तर आवाज वाढलाच पाहिजे, असे त्यांना वाटते. एक दिवा लावला, दुसरा लावला, उजेड वाढला, तसे. पण तरंगांची बेरीज नेहमी वाढतीच असते असे नाही. चढाला चढ भेटला तर वाढ, चढाला उतार भेटला तर घट. या मिसळण्याला शास्त्रात व्यतिकरण म्हणतात. शब्द अवघड आहे, पण वरच्या टाळ्या लक्षात ठेवल्या तर अर्थ सोपा आहे.

आता तंबोऱ्याकडे येऊ. तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. मधल्या दोन तारा एकाच षड्जाच्या, त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. शेवटची त्याच्या निम्म्या वारंवारितेची, ती खर्जाची. पहिली बहुतेक वेळा पंचमाची. हिशेबासाठी आपण जोडीच्या तारा २२० च्या धरू. मग खर्ज ११० चा आणि पंचम १६५ चा.

तंबोरा लावणारा आधी एक जोडीची तार हव्या त्या स्वराला आणतो. मग दुसरी छेडतो. फरक खूप असेल तर दोन वेगळे स्वरच ऐकू येतात. खुंटी पिळत पिळत दुसरी तार जवळ आली की एक खरखर सुरू होते, कारण ठोके इतके वेगात पडतात की ते मोजता येत नाहीत. आणखी जवळ आल्यावर खरखर संपून स्पष्ट ठोके ऐकू येतात. सेकंदाला सहा, मग चार, मग दोन, मग एक. इथून पुढे खुंटीचे काम संपते, कारण खुंटीचा छोटासा पीळही आता जास्त होतो. तारेत ओवलेला मणी बोटाने केसभर सरकवायचा. ठोका लांबतो. दोन सेकंदांना एक, पाच सेकंदांना एक. शेवटी आवाजातला चढउतार थांबतो आणि दोन तारांचा एकच सरळ नाद राहतो.

पाच सेकंदांना एक ठोका म्हणजे किती फरक? सेकंदाला एक पंचमांश कंपन. २२० कंपनांत एक पंचमांशाची चूक! हे दोन स्वर एकापाठोपाठ एक ऐकवले, तर कसलेल्या गवयालाही त्यांतला फरक सांगता येणार नाही. पण तेच दोन स्वर एकत्र वाजवले की ठोका तो फरक उघड करून दाखवतो. आपल्या कानाला जी गोष्ट थेट ऐकू येत नाही, तिचे ठोक्यांमुळे सावकाश चालणाऱ्या घड्याळात रूपांतर होते.

ठोक्यांची एक मर्यादाही आहे. फरक किती आहे ते ठोके सांगतात, पण कोणती तार वर आणि कोणती खाली हे सांगत नाहीत. २१८ असो की २२२, २२० बरोबर ठोके दोनच पडतील. मग कारागीर काय करतो? तार थोडी ताणून पाहतो. ठोके मंदावले तर दिशा बरोबर. ठोके जलद झाले तर तार आधीच चढलेली होती, म्हणून ती सैल करायची. हा नियम त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलेला नसतो.

आमच्या नववीच्या वर्गात एकदा ध्वनीचा धडा चालू होता. नादकाटे आणले होते, टाळ्यांचा प्रयोगही झाला होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी उत्तराला कधी हात वर न करणारा, म्हणाला, "सर, आमच्या घरी याला भांडण म्हणतात." वर्ग हसला. आम्ही त्याला पुढे बोलावून नीट सांगायला लावले. त्याच्या घरी तारवाद्यांची दुरुस्ती होत असे. तो म्हणाला, "अब्बा सांगतात, दोन तारा भांडायला लागल्या की समजायचं, जवळ आल्या. लांब असताना त्या भांडतच नाहीत. मग भांडण मिटेपर्यंत मणी सोडायचा नाही." पुस्तकातल्या व्याख्येत जे आहे ते सगळे या तीन वाक्यांत होते. उलट एक गोष्ट जास्तच होती. ठोके ऐकू येण्यासाठी वारंवारिता जवळजवळच्या असाव्या लागतात, ही अट मुले परीक्षेत हमखास विसरतात. हा मुलगा ती अट विसरणे शक्य नव्हते. चाचणीत मात्र त्याला या धड्यावर कमी गुण मिळत, कारण 'वारंवारिता' हा शब्द त्याला धड लिहिता येत नसे. त्यानंतर आम्ही त्या धड्याच्या तोंडी परीक्षेला लेखीइतकेच महत्त्व देऊ लागलो.

दोन सारख्या तारांचे झाले. पण पंचम आणि खर्ज यांचे काय? १६५ आणि ११० यांत फरक ५५ चा आहे. इतके ठोके कोण मोजणार? इथे निसर्गाने एक सोय ठेवलेली आहे. कोणतीही तार एकच वारंवारिता वाजवत नाही. तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारितेचे स्वरही तिच्यातून बारीक आवाजात निघत असतात. खर्जाच्या ११० ची तिप्पट ३३०. पंचमाच्या १६५ ची दुप्पट ३३०. म्हणजे वरच्या मजल्यावर दोघी एकाच ठिकाणी भेटतात. पंचम चुकून १६४ वर राहिला तर त्याची दुप्पट ३२८, आणि ३३० शी सेकंदाला दोन ठोके. कारागीर हेच ऐकतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, जो कोणत्याच तारेवर लावलेला नसतो. गायक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो कुठून आला? ११० ची पाचपट, ५५०. तारा एकमेकींशी भांडत असतील तर हा नाजूक स्वर त्या गोंधळात हरवतो. म्हणून जाणकार तंबोरा लागला की नाही, हे गांधारावरून ताडतात.

हे वरचे स्वर तंबोऱ्यात इतके स्पष्ट का ऐकू येतात, हा प्रश्न थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही पडला होता. प्रकाशावरच्या संशोधनासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे सगळ्यांना माहीत असते. त्याआधी १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर निबंध लिहिला होता, हे फारसे माहीत नसते. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्यावर हलके घासत, टेकत-सुटत थरथरते. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून ही टेकण्याची जागा नेमकी करतात. यामुळे वरचे स्वर भरपूर उठतात. घोडीचा हा पृष्ठभाग तासून-घासून योग्य करण्याला जवारी काढणे म्हणतात. कानसेच्या एका जादा फटक्याने ती बिघडू शकते.

आणि जवारीचे नाव निघाले की मिरजेचे नाव निघतेच. तिथली हकीकत अशी सांगतात, की या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते. शस्त्रांना धार लावणे, ती दुरुस्त करणे हे त्यांचे काम. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या कारागिराने सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. पुढे घराण्याचे आडनावच सतारमेकर झाले आणि मिरजेत सतारमेकर गल्ली झाली. त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून येतात. भोपळा वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, नक्षी करायची, तारा चढवायच्या आणि शेवटी जवारी काढून वाद्य लावायचे. तलवारीच्या धारेवरून फिरणारा हात लाकडाच्या आणि हाडाच्या घोडीवरून फिरू लागला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा त्या हातांचा सरकारदरबारी झालेला सन्मान आहे.

याच मिरजेत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येऊन स्थायिक झाले. त्यांचा स्वर इतका नेमका होता, की शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची मोजमापे करण्यासाठी त्यांच्या गळ्याचा आधार घेतला. देवलांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली निघाला. गळा एका मुसलमान उस्तादाचा, गणित एका ब्राह्मण अभ्यासकाचे, आणि वाद्ये शिकलगारांच्या मुलांनी घडवलेली. शंभर वर्षांपूर्वी कृष्णेच्या काठी हे सगळे एकत्र होते, याची आज आठवण ठेवली पाहिजे. खाँसाहेबांचे निधन १९३७ साली दक्षिणेत रेल्वेच्या प्रवासात झाले. तब्येत बिघडली तेव्हा ते वाटेतल्या एका लहान स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवायला सांगितला आणि अल्लाहचे नाव गात त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथल्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

आता जरा दूर, फ्रान्समध्ये जाऊ. कानाने ठोके ओळखणे कारागिरांना फार पूर्वीपासून येत होते, पण त्यांचा गणितासाठी उपयोग करणारा माणूस वेगळाच निघाला. जोसेफ सोव्हर, जन्म १६५३, मृत्यू १७१६. लहानपणी त्याला बरीच वर्षे बोलता येत नव्हते आणि कानही चांगला नव्हता. स्वर ओळखण्यासाठी त्याला संगीतकारांची मदत घ्यावी लागे. पण गणित पक्के होते. त्या काळी दोन स्वरांचे प्रमाण लोकांना ठाऊक होते. अमुक स्वर तमुकाच्या दीडपट, एवढे सांगता येई. पण एखादा स्वर सेकंदाला नेमकी किती कंपने करतो, हे सांगायला सोपा उपाय नव्हता. शेकडो कंपने डोळ्यांनी कशी मोजणार? सन १७०० च्या सुमारास सोव्हरने ठोक्यांतून वाट काढली.

त्याची युक्ती आठवीतल्या मुलालाही समजेल. समजा, दोन बासऱ्या अशा आहेत की त्यांच्या वारंवारितांचे प्रमाण २४ ला २५ आहे, हे आपल्याला संगीताच्या नियमावरून पक्के माहीत आहे. दोन्ही एकदम वाजवल्या आणि सेकंदाला चार ठोके मोजले. म्हणजे फरक चार. प्रमाणातला फरक एकाचा, तो प्रत्यक्षात चार भरला. म्हणून सगळ्याला चाराने गुणा. एक बासरी ९६ कंपनांची, दुसरी १०० ची. झाले गणित! जी शंभर कंपने कोणालाच मोजता येत नव्हती, ती चार ठोके मोजून हाती आली. सोव्हरने यासाठी ऑर्गन नावाच्या मोठ्या वाद्याच्या नळ्या वापरल्या होत्या. ज्याचा कान कच्चा होता त्याने हे शोधले, ही गोष्ट आम्ही आमच्या वर्गात मुद्दाम सांगतो. श्रवणयंत्र लावणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या पालकांनी ती घरीही सांगावी.

त्यानंतर १७११ साली जॉन शोअर या इंग्रज वादकाने नादकाटा बनवला. पुढे जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावचे रेशमाचे व्यापारी योहान शाइबलर यांनी एक अजब काम केले. त्यांनी ५६ नादकाटे असे घडवले, की प्रत्येक काटा शेजारच्याशी सेकंदाला बरोबर चार ठोके देईल. पहिला आणि शेवटचा यांत ५५ पायऱ्या, प्रत्येक पायरी चार कंपनांची, म्हणजे एकूण फरक २२०. आणि शेवटचा काटा पहिल्याच्या बरोबर दुप्पट लागला. एखादी संख्या स्वतःच्या दुप्पट होण्यासाठी तिच्यात २२० मिळवावे लागत असतील, तर ती संख्या २२० च असणार. म्हणजे पहिला काटा २२० चा, शेवटचा ४४० चा. फक्त ठोके मोजून त्यांनी स्वरांचा पूर्ण तराजू उभा केला. १८३४ साली त्यांनी सुचवलेला ४४० चा मूळ स्वर आज जगभर प्रमाण मानला जातो. रेशमाचा व्यापारी आणि शिकलगारांची मुले, दोघांनी कानाला तराजू केले.

ठोक्यांमुळे एक जुना वादही समजून घेता येतो. हार्मोनियम म्हणजे बाजाची पेटी. तिच्या बारा पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता येते. पण या सोयीसाठी प्रत्येक स्वराला थोडे सरकावे लागते. षड्ज २२० धरला तर शुद्ध पंचम ३३० हवा. पेटीतला पंचम साधारण ३२९.६ असतो. षड्जाची तिप्पट आणि पंचमाची दुप्पट यांची तुलना केली तर चार सेकंदांत तीन ठोके पडतात. हे कानाला चालते. गांधाराचे मात्र तसे नाही. शुद्ध गांधार २७५ हवा, पेटीतला असतो सुमारे २७७.२. षड्जाची पाचपट ११००, पेटीच्या गांधाराची चौपट जवळजवळ ११०९. सेकंदाला सुमारे नऊ ठोके. तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकण्याची सवय झालेल्या गायकाला हे खटकणारच. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, त्यामागच्या अनेक कारणांत हेही एक होते. पेटी वाईट आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. तिने गावोगावी गाणे पोचवले. पण मत देण्याआधी ठोके मोजले, तर वाद थोडा शांतपणे घालता येतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आज मोबाईलवर असे ॲप मिळते, की तार छेडली की पडद्यावर आकडा दिसतो. इलेक्ट्रॉनिक तंबोराही घरोघरी आहे, बटण दाबले की सुरू. यंत्र स्वस्त आहे, उपयोगी आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण यंत्र प्रत्येक तारेला वेगवेगळे विचारते, तुझा आकडा किती? तंबोऱ्यात प्रश्न असतो, तू शेजारणीशी कशी आहेस? एक तार ताणली की दांडीवरचा भार बदलतो आणि दुसरी किंचित उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगते. तार जोरात छेडली तर क्षणभर स्वर चढतो. हे सगळे लक्षात घेऊन चारही तारा एकमेकींशी जुळवायच्या, तर शेवटी कानच लागतो. आणि जवारी काढणारे ॲप अजून निघालेले नाही.

असा कान तयार व्हायला उस्तादाजवळ बसून अनेक वर्षे जातात. कमाई मात्र त्या मानाने बेताची. मग कारागिरांची मुले दुसरीकडे वळली तर त्यांना दोष कसा द्यायचा? शिकावे, नोकरी करावी, त्यात वाईट काही नाही. आमची तक्रार एवढीच, की शाळा त्या मुलाला असे भासवते, की विज्ञान पुस्तकात आहे आणि बापाचा धंदा अडाणी आहे. मग मुलगा पुस्तक धरतो आणि बापाजवळचे इल्म सोडून देतो. दोन्ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. जो मुलगा 'भांडण' आणि 'विस्पंद' हे दोन्ही शब्द जाणतो, तो उद्या ध्वनी अभियंता होईल, वाद्य घडवील किंवा आणखी काही करील, पण बापाकडे पाहताना त्याची मान खाली जाणार नाही. मिरजेच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या शाळांनी वर्षातून एक दिवस नववीचा वर्ग सतारमेकर गल्लीत न्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. खर्च फारसा नाही. आणि कारागिराला वर्गात बोलावले तर त्याला खुर्ची द्यावी, पाहुण्यासारखी.

घरी करून पाहण्याजोगे दोन प्रयोग देतो. पहिला: दोन मोबाईलवर स्वर वाजवणारे एखादे फुकट ॲप घ्या. एकावर ४४० आणि दुसऱ्यावर ४४२ लावून दोन्ही फोन टेबलावर जवळजवळ ठेवा. सेकंदाला दोन ठोके ऐकू येतील. मग ४४१ करा, ठोका एक होईल. मग ४४५, ४६०, ४८० करत जा. ठोक्यांची खरखर कधी होते आणि दोन वेगळे स्वर कधी ऐकू येऊ लागतात, ते घरातल्या प्रत्येकाने वहीत लिहावे. दादीजानचा आकडा आणि नातवाचा आकडा वेगळा येईल, त्यावर गप्पा होतील. इयरफोन मात्र वापरू नका, दोन्ही आवाज मोकळ्या हवेत मिसळू द्या.

दुसरा: काचेच्या दोन सारख्या बाटल्या घ्या, दोघांनी एकाच वेळी त्यांच्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढा. मग एका बाटलीत थोडे थोडे पाणी घाला. पाणी वाढले की आतली हवा कमी होते आणि स्वर चढतो. कुठेतरी ठोके सुरू होतील. त्यानंतर पाणी कमी-जास्त करून ते थांबवायचा प्रयत्न करा. पाच-दहा मिनिटे लागतील आणि कारागिराला वर्षे का लागतात, हेही कळेल.

आणि नेहमीप्रमाणे मुलांसाठी एक कोडे. एक नादकाटा २५६ कंपनांचा आहे. दुसऱ्याची वारंवारिता माहीत नाही, पण दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला चार ठोके पडतात. दुसऱ्या काट्याच्या टोकाला थोडे मेण चिकटवले. मेणाने काटा जड होतो आणि त्याचा स्वर किंचित उतरतो. आता ठोके दोनच पडू लागले. तर मेण लावण्यापूर्वी दुसऱ्या काट्याची वारंवारिता किती होती? उत्तर कारणासह वहीत लिहून ठेवा. नुसता आकडा चालणार नाही, तंबोऱ्याची तार ताणून पाहणारा कारागीर कसा विचार करतो ते आठवा. उत्तर पुढच्या अंकात देऊ.